ग्रेट बॅरियर रीफ : संरक्षणाचे नियम आणि हौशी मासेमार

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्याच्या किनाऱ्यालगत पसरलेल्या ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळरांगेच्या रक्षणासाठी १९७५ मध्ये कायदा झाला. त्यान्वये निर्माण झालेल्या सागरी उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ४४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहूनही अधिक आहे. या उद्यानात मासेमारीला सरसकट बंदी नाही. सुटीच्या दिवशी छोटी होडी घेऊन गळ टाकायला जाणे हा येथील किनारी शहरांतील जुना छंद आहे. त्यामुळे संरक्षणाच्या नियमांची झळ ट्रॉलरमालकांप्रमाणेच हौशी मासेमारांनाही बसते.

१ जुलै २००४ रोजी उद्यानाची नवी क्षेत्रविभागणी लागू झाली. तोपर्यंत मासेमारीस पूर्ण बंदी असलेले क्षेत्र ५ टक्क्यांहून कमी होते. ते एकदम ३३ टक्क्यांवर गेले. त्याआधी दोन टप्प्यांत मागविलेल्या सूचना-हरकतींची संख्या ३१ हजारांहून अधिक होती. वादाचे मूळ केवळ टक्केवारीत नव्हते. शास्त्रज्ञांनी उद्यानाचे ७० जैवप्रदेश निश्चित केले होते आणि त्या प्रत्येकाचा किमान २० टक्के भाग संरक्षित ठेवावा, असे तत्त्व स्वीकारण्यात आले होते. साहजिकच दूरच्या प्रवाळांबरोबर किनाऱ्याजवळचे पाणीही बंदीखाली आले. लहान होडीच्या आवाक्यात असते ते नेमके हेच पाणी.

नियम नकाशावरील रंगांनी ओळखले जातात. हिरव्या क्षेत्रात मासे पकडता येत नाहीत; मात्र तेथून होडी नेण्यास, पोहण्यास वा प्रवाळ पाहण्यास मनाई नाही. जाताना गळ व दोऱ्या आवरून ठेवाव्या लागतात. पिवळ्या क्षेत्रात प्रत्येकी एक दोरी व एक गळ एवढीच मुभा आहे. निळ्या क्षेत्रांत प्रत्येकी तीन दोऱ्या व एकूण सहा गळ चालतात. त्यांपैकी गडद निळ्या क्षेत्रात ट्रॉलरला बंदी आहे. गुलाबी क्षेत्रात परवान्याविना प्रवेशही करता येत नाही.

या बदलानंतर व्यावसायिक मच्छीमार व संलग्न व्यवसायांसाठी सरकारने २० कोटी डॉलरहून अधिक रकमेची साहाय्य योजना राबविली. हौशी मासेमाराचे नुकसान असे पैशात मोजता आले नाही. नेहमीची जागा गेली, की इंधन जास्त लागते आणि लहान होडी अधिक खुल्या समुद्रात न्यावी लागते.

मग त्याच्या पदरात काय पडले? हिरव्या क्षेत्रांत 'कोरल ट्राउट' या लोकप्रिय माशाची संख्या थोड्याच वर्षांत लक्षणीय वाढल्याचे पाहण्यांत आढळले. मोठी मादी लहान मादीच्या कितीतरी पट अंडी घालते आणि त्यांतून निघालेली पिले प्रवाहाबरोबर दूरवर जातात. केपल बेटांच्या परिसरात जनुकीय चाचणीवर आधारलेले संशोधन २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथील प्रवाळांपैकी सुमारे २८ टक्के भाग संरक्षित होता. परंतु ३० किलोमीटरच्या टापूत वाढणाऱ्या कोरल ट्राउट व स्नॅपर जातींच्या पिलांपैकी जवळपास निम्मी पिले त्या भागातील माशांची होती. म्हणजे बंद पाण्याचा लाभ खुल्या पाण्यालाही मिळतो.

अर्थात या उपायाला मर्यादा आहेत. हिरव्या क्षेत्रात चोरून गळ टाकणे ही आजही प्राधिकरणापुढील मोठी अडचण आहे. समुद्राचे वाढते तापमान तर कोणतीच सीमा जाणत नाही; २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ मध्ये प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. अशा आघातानंतर प्रवाळांवरील माशांना सावरण्यास बंदी क्षेत्रांचा आधार होतो, आघात मात्र टळत नाही.

क्षेत्रांच्या सीमा अक्षांश-रेखांशांनी ठरविलेल्या आहेत. त्या दर्शविणारे नकाशे प्राधिकरण विनामूल्य देते. होडी पाण्यात लोटण्यापूर्वी ते पाहून घेणे ही हौशी मासेमाराची स्वतःची जबाबदारी मानली जाते.