पडद्यावरच्या बाई, वर्गातल्या बाई

२००८ साली उरुग्वेत नवा शिक्षण कायदा झाला आणि सरकारी शाळांतल्या मुलांना दुसरी भाषा शिकवण्याची जबाबदारी सरकारने अंगावर घेतली. पण ही दुसरी भाषा, म्हणजे इंग्रजी, शिकवणार कोण? जेमतेम पस्तीस लाख वस्तीच्या या स्पॅनिशभाषक देशात सगळ्या प्राथमिक शाळांना पुरतील एवढे इंग्रजीचे शिक्षक नव्हतेच. नवे घडवायचे, तर तोवर मुलांच्या कित्येक तुकड्या शाळेतून बाहेर पडल्या असत्या.

एक गोष्ट मात्र हाताशी होती. २००७ मध्ये फ्लोरिदा प्रांतातल्या कार्दाल या लहानशा गावच्या शाळेत मुलांना हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे लॅपटॉप मिळाले होते आणि २००९ संपेपर्यंत ते देशभरातल्या सरकारी प्राथमिक शाळांत पोचले. योजनेचं नाव 'प्लान सेइबाल'. या नावात डोकावणारा सेइबो म्हणजे तिथल्या राष्ट्रीय फुलाचं झाड, आपल्या पांगाऱ्याच्या कुळातलं.

लॅपटॉप वाटले म्हणून भाषा येत नाही, हे योजना चालवणाऱ्यांनी वेळीच ओळखलं. २०१२ मध्ये ब्रिटिश कौन्सिलच्या मदतीने मोजक्या शाळांत 'सेइबाल एन इंग्लेस' सुरू झालं. चौथी ते सहावीच्या वर्गांत मोठा पडदा, कॅमेरा आणि मायक्रोफोन बसले. आठवड्यातून एकदा पंचेचाळीस मिनिटं दूरच्या शिक्षिका पडद्यावर येत. पांढरा झगा आणि गळ्याशी निळा बो, या गणवेशातली मुलं त्यांच्याशी इंग्रजीत बोलत, गाणी म्हणत, खेळ खेळत. या शिक्षिका कधी शेजारच्या अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयरेसमध्ये असत, तर कधी थेट फिलिपिन्समधल्या मनिलात. मनिला उरुग्वेच्या अकरा तास पुढे. दुपारी एकला इकडे तास सुरू व्हायचा, तेव्हा तिकडे मध्यरात्र झालेली असायची.

या प्रयोगाचा खरा कणा मात्र पडद्यावर नव्हता, वर्गातच उभा होता. दूरच्या बाई आठवड्यातून एकदाच भेटणार. आठवड्यातले इंग्रजीचे उरलेले दोन तास वर्गाच्या नेहमीच्या बाईंनी घ्यायचे, आणि त्यांतल्या अनेकींना इंग्रजी येत नव्हतं किंवा अगदी थोडं येत होतं. म्हणून पाठांचं टाचण बारीकसारीक तपशिलासह तयार मिळे. दोघी शिक्षिका दर आठवड्याला एकमेकींशी बोलून पुढचा पाठ ठरवत. वर्गातल्या बाईंसाठी इंग्रजीचा ऑनलाइन अभ्यासक्रमही होता. तरी त्यांचं मोठं काम वेगळंच होतं. कोणतं मूल लाजतंय, कोण मागे पडतंय, कुणाला कुणाशेजारी बसवावं, हे पडद्यावरून कसं कळणार? ते त्यांनाच ठाऊक असे. मुलांना जे शिकवायचं ते स्वतःला येत नाही, हे मुलांसमोर मान्य करून त्यांच्याबरोबर शिकायला बसणं सोपं नसतं. कुठल्याही यंत्रापेक्षा त्यांच्या या धैर्याची नोंद आधी व्हायला हवी.

काही वर्षांतच हजारो वर्गांपर्यंत हा कार्यक्रम गेला. प्रत्यक्ष वर्गात इंग्रजीचे शिक्षक असलेल्या शाळांतली मुलं आणि पडद्यावरून शिकणारी मुलं यांच्या चाचण्यांची तुलना झाली, तेव्हा दोघांची प्रगती साधारण बरोबरीची दिसली. मर्यादाही होत्या. पडद्यावरचा तास वेगवान इंटरनेटवर अवलंबून होता, त्यामुळे आधी सोय झाली ती शहरी शाळांची. लहान ग्रामीण शाळांना थांबावं लागलं.

महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, तेव्हा शिकवणार कोण हाच प्रश्न इथेही उभा राहिला होता. पुढे राज्य सरकार, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांच्या 'तेजस' प्रकल्पात पडद्यावर कुणी परकी शिक्षिका आली नाही. शाळाशाळांतले शिक्षक गट करून एकत्र बसत, आपसात इंग्रजीत बोलून पाहत, वर्गात काय जमलं आणि काय फसलं ते एकमेकांना सांगत. आणि पुढची बैठक होईपर्यंत त्यांची चर्चा मोबाइलवर चालू राही.