सेरोटोनिन ग्राही व फुप्फुसीय रक्तवाहिन्या

सेरोटोनिन (५-हायड्रॉक्सिट्रिप्टामीन) हे ट्रिप्टोफॅन या ॲमिनो अम्लापासून शरीरात तयार होणारे संयुग असून ते आतडे, रक्तातील बिंबाणू व मेंदू यांत आढळते. रक्त साखळल्यावर रक्तरसात वाहिन्या आकुंचित करणारा पदार्थ उतरतो, हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत होते. १९४८ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे रॅपोर्ट, ग्रीन व पेज यांनी तो गुरांच्या रक्तरसातून वेगळा केला. एर्स्पामेर या इटालियन शास्त्रज्ञांना आतड्यात सापडलेले एंटेरामीन हे तेच संयुग असल्याचे १९५२ मध्ये सिद्ध झाले.

या इतिहासाशी महाराष्ट्राचा संबंध सर्पगंधा या वनस्पतीमुळे येतो. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावरील तिच्या उपयोगाविषयीचा निबंध १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध केला. १९५२ मध्ये तिच्यापासून रेसरपीन वेगळे करण्यात आले. ते ऊतकांतील सेरोटोनिनाचे साठे रिते करते, असे १९५५ मध्ये ब्रोडी व त्यांचे सहकारी यांनी दाखविले. रक्तदाब उतरण्यास मात्र मुख्यतः नॉरॲड्रेनॅलिनाची घट कारणीभूत असते.

सेरोटोनिनाची क्रिया कोशिकांवरील ग्राहींमार्फत घडते. गॅडम व पिकारेली यांनी १९५७ मध्ये गिनीपिगच्या आतड्यावरील प्रयोगांवरून ग्राहींचे दोन प्रकार मानले. आता त्यांचे सात गट ओळखले जातात. फुप्फुसातील वाहिन्यांचा अंतःस्तर रक्तातील बरेचसे सेरोटोनिन शोषून घेतो. उरलेल्याचा परिणाम प्राण्यागणिक बदलतो : मोठ्या जातीच्या उंदरांत फुप्फुसीय रोहिण्यांचे आकुंचन मुख्यतः २ए ग्राहीमुळे, तर मनुष्यात मुख्यतः १बी ग्राहीमुळे होते. २बी ग्राही नसलेल्या छोट्या जातीच्या उंदरांना कमी ऑक्सिजनाच्या हवेत ठेवले असता त्यांचा फुप्फुसीय रक्तदाब वाढला नाही, असे २००२ मध्ये आढळले.

हा भेद केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. भूक मंदावणारे ॲमिनोरेक्स हे औषध १९६५ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये विक्रीस आले. त्यानंतर तेथे, तसेच ऑस्ट्रिया व पश्चिम जर्मनीत, फुप्फुसीय उच्च रक्तदाबाचे रुग्ण अचानक वाढले व १९६८ मध्ये ते मागे घेण्यात आले. प्राण्यांना हेच औषध देऊन हा विकार निर्माण करण्याचे प्रयत्न मात्र निष्फळ ठरले. पुढे फेनफ्ल्युरामीन हे सेरोटोनिन मुक्त करणारे औषधही लठ्ठपणावरील उपचारांतून १९९७ मध्ये काढून घ्यावे लागले. त्यापासून बनणारे नॉरफेनफ्ल्युरामीन २बी ग्राही उद्दीपित करते व हृदयाच्या झडपांना इजा पोहोचविते. प्राण्यांवरील निष्कर्ष मनुष्याला लावताना ग्राहींचा प्रकार व त्यांचे स्थान पडताळणे अत्यावश्यक आहे, हे या घटनांनी स्पष्ट केले.