कालव्याचे विज्ञान आणि कोरडवाहूचे विज्ञान

मोरगाव म्हटले की अष्टविनायकांतील मयूरेश्वराचे स्मरण होते. बारामती तालुक्यात मात्र सुपे-मोरगावचा परिसर ‘जिरायती भाग’ म्हणूनच ओळखला जातो. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर काढलेला नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. कऱ्हेकाठच्या मोरगावपर्यंत त्याचे पाणी आले नाही. एकाच तालुक्यात दोन प्रकारची शेती झाली. तिच्यामागे दोन प्रकारचे संशोधनही आले. सरकारने त्यांना कसकसे पोसले, हे आम्हांस येथे पाहावयाचे आहे.

शेतकी संशोधनाला अर्थसाहाय्य देणारी मध्यवर्ती परिषद १९२९ साली स्थापन झाली. १९३२ साली सरकारने साखरधंद्यास जकातीचे संरक्षण दिले आणि त्याच वर्षी नीरेच्या खोऱ्यात पाडेगाव येथे ऊस संशोधन केंद्र उभे राहिले. कोणत्या मातीस किती पाणी द्यावे, जमीन चोपण का होते, याचा तेथे कसून अभ्यास झाला. कालव्यावरील खर्च भरून निघावा तर ऊस पिकलाच पाहिजे, हे सरकार जाणून होते.

कोरडवाहू शेतीचे प्रयोग त्याआधीच, १९२३ साली, मांजरी येथे सुरू झाले होते. १९३३ पासून परिषदेच्या पैशावर सोलापुरास एन. व्ही. कानिटकर यांनी ते पुढे नेले. बांधबंदिस्ती, खोल नांगरट, विरळ पेरणी, वरचेवर कोळपणी हे त्यांचे सूत्र. परंतु मुळातच तुटपुंज्या पिकात पडणारी भर थोडी होती. सुमारे दहा वर्षांनी योजना संपली. स्वातंत्र्यानंतर अन्नटंचाईने सरकारला घेरले, आणि १९६० नंतरच्या दशकात पैसा व लक्ष बागायती गहू-भाताकडे वळले. कोरडवाहूसाठी अखिल भारतीय समन्वित प्रकल्प निघाला तो १९७० साली. दोनच वर्षांनी १९७२ चा दुष्काळ पडला!

पुढे २००९ साली बारामती तालुक्यातच, माळेगावच्या खडकाळ माळावर, दुष्काळ, उष्णता आणि क्षार यांचा पिकांवरील ताण अभ्यासणारी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली.

शास्त्रज्ञांस आम्ही दोष देत नाही. ज्या प्रश्नामागे सरकार उभे राहते, त्याचेच उत्तर प्रयोगशाळेत शोधले जाते. मात्र पिकास पाच-सात वर्षांत नवे वाण लाभते, तशी जमिनीची कूस सुधारत नाही. तिला पिढीभराचा धीर लागतो. सरकारचा अग्रक्रम बदलला तरी हा धीर कोणी धरावा, हा प्रश्न जिरायती भागातील प्रत्येक कुटुंबाचा आहे, आणि त्यांची भाकरी खाणाऱ्या आपणा सर्वांचाही.