रोमन सम्राटांची तांब्या-पितळेची नाणी

इ.स.पू. तिसऱ्या शतकात रोममध्ये ‘अ‍ॅस’ हे ओतीव कांस्याचे जड नाणे चालत असे. त्याच्या एका बाजूवर दोन तोंडांचा जेनस देव आणि दुसरीवर जहाजाचा पुढचा भाग असे. इ.स.पू. २३च्या सुमारास ऑगस्टसने सुट्या नाण्यांची नवी घडी बसवली. सेस्टर्शियस आणि दुपोंडियस ही नाणी पितळेची झाली, अ‍ॅस तांब्याचे. चांदीच्या एका दिनारियसला ४ सेस्टर्शियस किंवा १६ अ‍ॅस मिळत.

‘सिनेटच्या ठरावाने’ या अर्थाची ‘एस सी’ ही अक्षरे ऑगस्टसच्या बऱ्याच नाण्यांची मागची बाजू व्यापून असत. पुढच्या सम्राटांनी ती कडेला सारली आणि मधली जागा चित्रांना दिली. सुमारे २५ ग्रॅमचा सेस्टर्शियस त्यासाठी सोयीचा होता. नीरोच्या नाण्यांवर ऑस्टियाचे बंदर आहे, तसेच राज्यात शांतता असल्याची खूण म्हणून दारे मिटलेले जेनसचे मंदिरही आहे. इ.स. ७० मध्ये जेरुसलेम पडल्यावर व्हेस्पेशियनने काढलेल्या नाण्यांवर मधोमध खजुराचे झाड दिसते. त्याखाली शोक करणारी स्त्री बसलेली असते आणि काही छापांत पलीकडे हात बांधलेला कैदी उभा असतो. टायटसच्या नाण्यावर प्रेक्षकांनी भरलेले कोलोसियम आहे.

नाण्यावरचा चेहरा म्हणजे सत्तेचा दावा, हे विरोधकही जाणून होते. कॅलिग्युलाच्या हत्येनंतर त्याची तांब्या-पितळेची नाणी वितळवण्याचा ठराव सिनेटने केला, असे इतिहासकार कॅशियस डिओने नोंदवले आहे.

तिसऱ्या शतकात चांदीच्या नाण्यांतील चांदी जवळजवळ संपली, भाव चढले आणि वजनदार सेस्टर्शियस पाडणे परवडेनासे झाले. इ.स. २९४च्या सुमारास डायोक्लेशियनने चांदीचा किंचित अंश असलेले कांस्याचे मोठे नाणे आणले. त्यावर रोमन जनतेचा रक्षक देव हातात समृद्धीचे शिंग घेऊन उभा होता. दूरदूरच्या टांकसाळींतून हीच मुद्रा निघू लागली.

हे नाणेही लवकरच हलके होत गेले. कॉन्स्टंटाइनने ३३०च्या सुमारास ‘सैन्याचा गौरव’ या मजकुराची छोटी नाणी काढली. त्यांवर दोन सैनिक आणि मध्ये दोन ध्वजदंड होते. ३३५च्या सुमारास वजन आणखी घटले आणि एकच ध्वजदंड उरला. विशिष्ट इमारती आणि विजय दाखवण्याइतकी जागा या नाण्यांवर नव्हती. मजकूर ठरावीक, चित्रेही ठरावीक झाली.