अबोल बालकांची वेदना : मापनाचा इतिहास आणि मातेची साक्ष

प्रस्तावना

वेदना रुग्णाने सांगावी व वैद्याने ऐकावी, हा वैद्यकाचा जुना परिपाठ आहे. परंतु ज्या बालकास बोलता येत नाही, दुखऱ्या जागी बोटही ठेवता येत नाही, त्याची वेदना कशी जाणावी? सेरेब्रल पाल्सी, म्हणजेच मेंदूचा पक्षाघात असलेल्या बालकांच्या संदर्भात या प्रश्नाचे उत्तर कसे घडत गेले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

उपेक्षेचा काळ

लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम जॉन लिटल यांनी १८६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात बिकट प्रसूती आणि मुलांच्या अवयवांतील ताठरपणा यांचा संबंध मांडला. निखळलेला खुब्याचा सांधा, स्नायूंचे आकुंचन, बद्धकोष्ठता अशा अनेक कारणांनी या मुलांना वेदना होतात. मात्र चेहरा वाकडा होणे, अंग ताठणे ही आजाराचीही लक्षणे असल्याने त्यामागील वेदना सहज नजरेआड होते.

विसाव्या शतकात तर अर्भकांना वेदना जाणवतात की नाही, याविषयीच शंका होती. अमेरिकेत १९८५ मध्ये एका अपुऱ्या दिवसांच्या अर्भकावर स्नायू शिथिल करणारे औषध देऊन, परंतु वेदनाशमनाविना, हृदयाजवळील शस्त्रक्रिया झाली. ही गोष्ट त्याच्या मातेने उजेडात आणली. १९८७ मध्ये कन्वलजीत आनंद व सहकाऱ्यांनी पुरेशा वेदनाशमनामुळे अशा अर्भकांच्या शरीरावरील ताण व गुंतागुंत कमी होते, हे दाखवून दिले.

मापनपट्ट्यांचा उदय

१९९७ मध्ये मिशिगन विद्यापीठात ‘फ्लॅक’ ही मापनपट्टी तयार झाली. चेहरा, पाय, हालचाल, रडणे व सांत्वनास प्रतिसाद या पाच बाबींना शून्य ते दोन गुण दिले जात. परंतु पाय ताठ असणे हीच ज्याची नित्याची अवस्था, त्याला गुण कसे द्यावेत?

कॅनडातील पॅट्रिक मॅकग्रा व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये वेगळा मार्ग प्रसिद्ध केला. त्यांनी मुलांची देखभाल करणाऱ्यांनाच विचारले की, दुखते आहे हे तुम्ही कशावरून ओळखता? त्या उत्तरांतून विकसित झालेल्या सूचीच्या २००२ मधील सुधारित आवृत्तीत ३० लक्षणे आहेत. कण्हणे, मिठीत न शांतावणे, भूक व झोप बदलणे यांची त्यांत नोंद होते. फ्रान्समधील ‘सान साल्वादूर’ पट्टीतही प्रथम मुलाचे नेहमीचे वर्तन नोंदवून मग त्यातील बदल पाहिला जातो. २००६ मध्ये ‘फ्लॅक’ची सुधारित आवृत्ती आली. तीत त्या विशिष्ट मुलाची वेदनेची खूण पालकांना सांगता येते.

समारोप

वेदनेच्या अभ्यासासाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० च्या सुधारित व्याख्येसोबत स्पष्ट केले आहे की, संवाद साधता न येणे म्हणजे वेदना नसणे नव्हे. या इतिहासातील खरा बदल गुणांच्या तक्त्यात नसून साक्ष कोणाची ग्राह्य धरावी, यात आहे. एकेकाळी ‘आईची समजूत’ म्हणून बाजूस सारले जाणारे ज्ञान आज पुरावा ठरले आहे. अर्थात, कोणतीही पट्टी केवळ अंदाज देते. कमी गुण म्हणजे वेदना नसल्याची खात्री नव्हे. काही मुले वेदनेत रडत नाहीत, उलट निश्चल होतात. ती निश्चलता नेहमीची नाही, हे आईलाच ठाऊक असते. म्हणूनच तिचे म्हणणे शस्त्रक्रियेपूर्वीच लिहून घेणे अगत्याचे आहे; रात्रपाळीच्या परिचारिकेपाशी आई नसली, तरी ते लिखित तिच्या हाती असेल.