आराकानच्या रस्त्यावरचे गोल्ड कोस्टवाले

घानाचा इतिहास मी पुस्तकांत वाचला तो फार उशिरा. त्याआधी तो आमच्या साताऱ्याकडच्या घरी, जेवणं झाल्यावर ओसरीवर, आजोबांच्या तोंडून आला होता. आजोबा त्या देशाला शेवटपर्यंत गोल्ड कोस्टच म्हणत. दुसऱ्या महायुद्धात ते लॉरी चालवायचे, चितगावकडून ब्रह्मदेशातल्या आराकानला रसद नेणाऱ्या तुकडीत. 1943चा पावसाळा सरला आणि त्या रस्त्यावर पश्चिम आफ्रिकेच्या 81व्या डिव्हिजनचे शिपाई दिसू लागले. नायजेरियाचे, सिएरा लिओनचे, गांबियाचे आणि गोल्ड कोस्टचे.

"सारं डोईवर," आजोबा सांगत. "दारूगोळा, तांदूळ, पेटारे. हात मोकळं, मान ताठ, आन् घाट चढतानाबी पाऊल चुकायचं न्हाई."

"म्हंजी आमच्यावाणीच की," आजी म्हणे. विहिरीवरून दोन-दोन घागरी डोक्यावर आणणाऱ्या बाईला त्यात नवल कसलं?

त्या शिपायांनी चिरिंग्यापासून दलेतमेपर्यंत, डोंगर फोडत, सुमारे 75 मैलांचा जीपचा रस्ता कुदळ-फावड्यानं तयार केला. मग ते कलादान नदीच्या खोऱ्यात उतरले. तिथं त्यांची रसद विमानातून पडायची आणि पुढे ती माणसांच्या डोक्यावरूनच जायची. ब्रह्मदेशाच्या लढाईची वर्णनं इंग्रजी पुस्तकांत ढिगानं आहेत. या माणसांच्या वाट्याला त्यांत फार थोड्या ओळी येतात, आणि हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं.

आजोबांचा एक दोस्त झाला होता, कोफी नावाचा. गोल्ड कोस्टच्या अकान लोकांत मूल ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला मिळतं. कोफी शुक्रवारचा, क्वामे शनिवारचा, क्वाबेना मंगळवारचा. आमच्या गावात बुध्या होता, सोम्या होता, त्यामुळे आजोबांना ते लगेच पटलं. पटलं नाही ते दुसरंच. अकानांमध्ये कूळ आईकडून चालतं आणि बापाचा वारसा बहिणीच्या मुलाला जातो! ही गोष्ट सांगताना आजोबा दर वेळी थांबत आणि आमच्या आत्याकडे बघत.

कोफी एकच प्रश्न फिरून फिरून विचारायचा, की तुमचे गांधी तुरुंगात का? गांधीजी तेव्हा पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते. सरकारचा गणवेश अंगावर असलेल्या आजोबांना त्याचं उत्तर देता येईना. "त्यो इचारायचा आन् म्या इंजिनात डोकं घालायचो," एवढंच ते म्हणत.

कोफीचं पुढं काय झालं ते आजोबांना कळलं नाही. त्याच्यासारख्यांचं काय झालं, ते मात्र नोंदलेलं आहे. गोल्ड कोस्टमधून सुमारे 65,000 माणसं सैन्यात गेली होती. परतल्यावर नोकऱ्या नव्हत्या, कबूल केलेलं पेन्शन हाती पडत नव्हतं, आणि परदेशी कंपन्यांच्या दुकानांत कापडाचे भाव भडकलेले. जानेवारी 1948मध्ये न्यी क्वाबेना बोन या गा जमातीच्या सरदारानं त्या मालावर बहिष्कार पुकारला. 28 फेब्रुवारीला बहिष्कार संपला आणि त्याच दिवशी माजी सैनिक गव्हर्नरला अर्ज द्यायला अक्रातल्या ख्रिश्चन्सबोर्ग किल्ल्याकडे निघाले. हातात शस्त्र नव्हतं. चौकात पोलिसांनी वाट अडवली. कॉलिन इमरे या गोऱ्या अधिकाऱ्यानं शिपायाच्या हातची बंदूक घेऊन स्वतः गोळ्या झाडल्या. सार्जंट अजेटी, कॉर्पोरल अटिपो आणि प्रायव्हेट ओडार्टे लाम्प्टे जागीच ठार झाले. ज्या साम्राज्यासाठी ते लढले, त्याच साम्राज्याच्या गोळीनं ते गेले.

शहर पेटलं. दंगलीत 29 माणसं मेली. सरकारनं क्वामे एन्क्रुमा, जे. बी. डानक्वा यांच्यासह सहा पुढाऱ्यांना उचललं. दंगल त्यांनी घडवून आणलेली नव्हती, पण अटकेमुळे ते घरोघरी पोचले. जानेवारी 1950मध्ये एन्क्रुमांनी बहिष्कार आणि संपाची अहिंसक चळवळ सुरू केली, आणि प्रेरणा गांधीजींची आहे हे उघड सांगितलं. ते तुरुंगात गेले आणि 1951ची निवडणूक आतूनच जिंकले. 6 मार्च 1957ला घाना स्वतंत्र झाला.

एन्क्रुमांचं श्रेय मोठं आहे, त्यात वाद नाही. पण घानाच्या स्वातंत्र्याची सुरुवात सभागृहात झाली असं मला वाटत नाही. ती त्या चौकात झाली, आणि चौकात चालत आलेली ती माणसं युद्धात जग बघून, गोऱ्या साहेबालाही घाबरताना बघून परतली होती. घानानं हे मानलं आहे. त्या तिघांना दर वर्षी 28 फेब्रुवारीला सरकारी मानवंदना दिली जाते, अक्रातल्या एका रस्त्याला त्या तारखेचं नाव आहे, आणि घानाच्या सैन्याचं मुख्यालय ज्या छावणीत आहे तिला आजही बर्मा कॅम्प म्हणतात.