फिशर यांची उजवी बाजू

डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात घालून पाहा. दिसायला जोडी, पण बसत नाही. साखरेचे रेणूही असेच असतात, एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे.

ते कागदावर मांडण्याची रीत १८९१ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी दिली. आडव्या रेघा आपल्याकडे येणाऱ्या, उभ्या रेघा मागे जाणाऱ्या. डावी-उजवीकडच्या गटांची अदलाबदल केली, की प्रतिबिंब तयार!

पण या जोडीतले निसर्गातले ग्लुकोज कोणते? ते ओळखण्याचे साधन तेव्हा नव्हते. फिशर यांनी एक बाजू नुसती मानली. अंदाज चुकण्याची शक्यता निम्मी होती. पुढच्या साऱ्या आकृत्या मात्र त्याच आधारावर काढल्या गेल्या.

१९५१ मध्ये नेदरलँड्समधील युट्रेख्त येथे बायफूट आणि सहकाऱ्यांनी टार्टारिक आम्लाच्या क्षाराचा स्फटिक क्ष-किरणांनी तपासला. या आम्लाचे साखरेशी नाते आधीच ठाऊक होते. फिशर यांचा अंदाज बरोबर निघाला. नाहीतर पुस्तकांतल्या सगळ्या आकृत्या उलटाव्या लागल्या असत्या!

याला कुणी नशीब म्हणेल. मला मोल वाटते ते शिस्तीचे. साठ वर्षे सर्वांनी एकच बाजू धरली, म्हणूनच एका स्फटिकाच्या साक्षीने साऱ्यांचा निकाल लागला.